लर्चर
नजरेने शिकार हेरून वेगाने पाठलाग करणारी कुत्र्याची एखादी जात आणि कामासाठी पाळली जाणारी दुसरी एखादी जात यांच्या संकरापासून निपजलेला कुत्र्याचा प्रकार. याचे मूळ स्थान ब्रिटन व आयर्लंड हे असून तेथे पहिली जात सामान्यतः ग्रेहाउंड किंवा व्हिपेट, तर दुसरी टेरियर किंवा मेंढपाळांचा कॉली ही असते. दोन्ही बाजूंनी वेगवान जातींचाच संकर असल्यास त्या संततीला लर्चर न म्हणता ‘लाँगडॉग’ म्हणतात. लर्चर ही जात नव्हे, तर प्रकार आहे. ब्रिटनमधील केनेल क्लबने त्याला जात म्हणून मान्यता दिलेली नाही. त्याचे अधिकृत वंशावळपुस्तक नाही आणि उंची, रंग वा केस यांचे ठरीव मानकही नाही. त्यामुळे असा कुत्रा निवडताना कागदोपत्री वंशावळीचा आधार मिळत नाही. मातापित्यांचे प्रत्यक्ष काम आणि घेणाऱ्याची गरज यांवरच निवड अवलंबून राहते. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे टेरियर व ग्रेहाउंड यांच्या संकराचा, विशेषतः बेडलिंग्टन टेरियरपासून मिळणाऱ्या लर्चरचा, कामाचा कुत्रा या दृष्टीने विचार केला आहे.

मराठीत ‘ससा’ या एकाच शब्दाने दोन भिन्न प्राण्यांचा बोध होतो. रॅबिट हा बिळे करून समूहाने राहतो व धोका जाणवताच बिळाकडे धावतो. हेअर हा उघड्यावर राहतो, अंगाने मोठा असतो आणि केवळ वेगाच्या बळावर निसटतो. लर्चरचे काम व त्याविषयीचे कायदे या दोन प्राण्यांच्या बाबतीत वेगळे असल्याने येथे पहिल्यास ससा व दुसऱ्यास रानससा असे म्हटले आहे.

नाव व इतिहास : लपतछपत हिंडणे, हळूच उचलून नेणे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदापासून लर्चर हे नाव आले आहे. केंब्रिज येथील विद्वान व वैद्य जॉन कीझ यांनी १५७० मध्ये ब्रिटनमधील कुत्र्यांवर लॅटिन भाषेत ग्रंथ लिहिला. त्यात रात्रीच्या वेळी निःशब्दपणे ससे पकडून मालकाकडे आणणाऱ्या ‘चोर कुत्र्या’चा उल्लेख आहे. आजच्या लर्चरचे हे वर्णन नसले, तरी त्याच्या कामाचे स्वरूप त्या काळीही परिचित होते, हे यावरून दिसते.

या कुत्र्याच्या उत्पत्तीमागे जमीन व शिकार यांविषयीचे इंग्रजी कायदे हे मोठे कारण आहे. १३८९ च्या कायद्याने, ज्याच्या जमिनीचे वार्षिक उत्पन्न ४० शिलिंगांपेक्षा कमी आहे अशा सामान्य माणसाला व ज्याचे उत्पन्न १० पौंडांपेक्षा कमी आहे अशा धर्मोपदेशकाला ग्रेहाउंड किंवा शिकारीचा अन्य कुत्रा पाळण्यास मनाई केली. १६७१ च्या कायद्याने ही अट अधिक कडक केली आणि जमीनदारांच्या राखणदारांना अनधिकृत माणसांकडील बंदुका, जाळी, फेरेट व कुत्रे जप्त करण्याचा अधिकार दिला. त्यातील कुत्र्यांच्या यादीत ग्रेहाउंडबरोबर लर्चरचेही नाव आहे. मालमत्तेची ही अट १८३१ मध्ये रद्द झाली. १८८० च्या कायद्याने कुळांना आपण कसत असलेल्या जमिनीवरील ससे व रानससे मारण्याचा हक्क मिळाला. उमराव जातीवंत ग्रेहाउंड बाळगीत, तर शेतमजूर, मेंढपाळ, खाणकामगार व रोमानी भटके लोक यांना दिसण्यात साधा, आवाज न करणारा आणि घरी काहीतरी घेऊन येणारा कुत्रा हवा असे. दिसण्यापेक्षा कामाला महत्त्व देण्याची लर्चर पाळणाऱ्यांची परंपरा या परिस्थितीतून निर्माण झाली.

ससा हा ब्रिटनमधील मूळचा प्राणी नाही. नॉर्मन राजवटीनंतर मांस व कातडे यांसाठी त्याची राखीव जागांत जोपासना होऊ लागली. तेथून निसटलेले ससे पुढे सर्वत्र पसरले व शेतीला उपद्रवकारक ठरले. १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस हा विषाणुजन्य रोग ब्रिटनमध्ये पोहोचला आणि बहुसंख्य ससे मरण पावले. सशांबरोबर लर्चरचे कामही काही काळ जवळजवळ संपुष्टात आले. रोगास प्रतिकार करणाऱ्या सशांची संख्या वाढल्यावर त्याला पुन्हा मागणी आली.

मूळ जाती : ग्रेहाउंडच्या नराची खांद्यापाशी उंची सु. ७१ ते ७६ सेंमी. व मादीची ६९ ते ७१ सेंमी. असते. छाती खोल, कंबर कमानदार व आखूड, पाय लांब आणि डोके अरुंद असते. त्याच्या वेगवान धावेत प्रत्येक झेपेच्या आवर्तनात शरीर दोनदा पूर्णपणे जमिनीपासून सुटते : एकदा पाय पोटाखाली आखडलेले असताना व एकदा ते पुढेमागे ताणलेले असताना. अल्पकाळ तो ताशी ६० किमी.पेक्षा अधिक वेग गाठतो. तथापि हा वेग थोड्या अंतरापुरताच टिकतो. त्याचे कातडे पातळ व केस आखूड असल्याने काटेरी तार व झुडपे यांनी ते सहज फाटते. भक्ष्य दिसेनासे झाले, की बहुतेक ग्रेहाउंडांचा उत्साह मावळतो. वासाचा माग चिकाटीने काढण्याची त्यांची प्रवृत्ती कमी असते.

टेरियर हे नाव जमीन या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आले आहे. कोल्हा, बिज्जू, उंदीर अशा प्राण्यांना बिळात गाठणे वा बाहेर काढणे यांसाठी टेरियरांची पैदास झाली. शरीर लहान, केस दाट, जबडा मजबूत, घ्राणेंद्रिय तीक्ष्ण आणि वृत्ती निर्भय व हट्टी ही त्यांची सर्वसाधारण लक्षणे होत. मालकाच्या हुकुमाची वाट न पाहता स्वतः निर्णय घेणे हा बिळात काम करणाऱ्या कुत्र्याचा गुण आहे. मोकळ्या रानात तोच अनेकदा दोष ठरतो.

बेडलिंग्टन ही इंग्लंडच्या उत्तरेकडील नॉर्थम्बरलंड परगण्यात विकसित झालेली टेरियरची जात आहे. त्याच नावाच्या खाणकामगारांच्या गावावरून तिला हे नाव पडले. पूर्वी तिला रॉथबरी टेरियर असेही म्हणत. या जातीचा राष्ट्रीय क्लब १८७७ मध्ये स्थापन झाला. खांद्यापाशी उंची सु. ४१ सेंमी. व वजन ८ ते १० किग्रॅ. असते. इतर टेरियरांच्या तुलनेने पाय लांब, पाठ किंचित कमानदार व केस लोकरीसारखे असतात. या बांध्यावरून तिच्या पूर्वजांत व्हिपेटचा अंश असावा, असे मानले जाते. बांध्यातील या साम्यामुळे ग्रेहाउंड वा व्हिपेट यांच्याशी तिचा संकर अधिक सुसंगत होतो आणि त्यामुळेच लर्चरसाठी ही टेरियर जात विशेष पसंत केली गेली. यांखेरीज आयरिश, व्हीटन, एअरडेल व स्टॅफर्डशर बुल टेरियर यांचेही संकर करतात. बुल टेरियराचा अंश असलेला कुत्रा अंगाने दणकट, परंतु इतर कुत्र्यांशी वागताना कमी भरवशाचा असू शकतो. शिवाय ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्याने पिट बुल प्रकाराचे कुत्रे बाळगण्यावर बंदी आहे व ‘प्रकार’ हा मुख्यतः बाह्य लक्षणांवरून ठरविला जातो. म्हणून असा संकर घेताना ही बाब लक्षात घ्यावी लागते.

संकराची आनुवंशिकता : शुद्ध टेरियर व शुद्ध ग्रेहाउंड यांच्या पहिल्या संकर पिढीतील प्रत्येक पिल्लाला दोन्ही जातींकडून निम्मी निम्मी जनुके मिळतात. त्यामुळे एका वेतातील पिल्ले आकारमानाने बरीचशी सारखी असतात. बेडलिंग्टन व ग्रेहाउंड यांच्या अशा संततीची उंची सामान्यतः ५५ ते ६२ सेंमी., तर बेडलिंग्टन व व्हिपेट यांच्या संततीची सु. ४५ ते ५१ सेंमी. भरते. जननासाठी बहुधा ग्रेहाउंडची मादी व टेरियरचा नर घेतात. मोठ्या नराची पिल्ले लहान अंगाच्या मादीच्या पोटात वाढल्यास प्रसूतीत अडचण येण्याचा संभव असतो.

संकरातील प्रत्येक लक्षण दोन जातींच्या मधोमध येते, ही समजूत मात्र बरोबर नाही. केसांचे उदाहरण स्पष्ट आहे. टेरियरच्या मिशा, दाढी व राठ भुवया यांना कारणीभूत असणारा जनुकप्रकार प्रभावी असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले, तर लांब केसांचा मुख्य जनुकप्रकार अप्रभावी आहे. म्हणून पहिल्या पिढीतील पिल्लांना बहुधा दाढी व राठ, पण फारसे लांब नसलेले केस येतात. याच पिढीतील मादीचा ग्रेहाउंडशी पुन्हा संकर केल्यास सुमारे निम्म्या पिल्लांना दाढी येईल व निम्मी गुळगुळीत केसांची होतील. येथे निवड करणाऱ्याची दिशाभूल होण्याचा संभव असतो. दाढी असलेले पिल्लू ‘अधिक टेरियर’ व गुळगुळीत पिल्लू ‘अधिक ग्रेहाउंड’ असे समजून त्याप्रमाणे स्वभावाचा अंदाज बांधला जातो. वस्तुतः दाढीचे जनुक आणि धाडस, हट्ट किंवा चिकाटी यांच्याशी निगडित असलेली अनेक जनुके स्वतंत्रपणे वाटली जातात. गुळगुळीत पिल्लू बिळापाशी तासन्तास खिळून राहणारे निघू शकते व दाढीवाले काटेरी झुडपाकडे पाठ फिरवू शकते.

दोन पहिल्या पिढीतील लर्चरांचा परस्पर संकर केल्यास विविधता फार वाढते. एकाच वेतात टेरियरसारखी बुटकी, ग्रेहाउंडसारखी उंच व मधल्या बांध्याची पिल्ले निपजतात. पहिल्या पिढीत आढळणारे संकरज ओजही दुसऱ्या पिढीत काही अंशी कमी होते. म्हणून पहिली संकर पिढी ही सर्वांत अंदाज बांधण्याजोगी, तर लर्चरापासून लर्चर हा संकर सर्वांत अनिश्चित होय. मात्र अनेक पिढ्या दोन्ही बाजूंच्या कामगार कुत्र्यांतून काटेकोर निवड केलेली असल्यास ही अनिश्चितता कमी होते. वेग वाढविण्यासाठी पहिल्या पिढीतील लर्चराचा ग्रेहाउंडशी पुन्हा संकर करतात. अशा तीन-चतुर्थांश ग्रेहाउंड संततीत वेग वाढतो, परंतु काटक कातडे, घ्राणशक्तीचा उपयोग व चिकाटी हे टेरियरचे गुण क्षीण होतात.

वर्तनाची आनुवंशिकता याहून गुंतागुंतीची आहे. अमेरिकन संशोधक जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी बेसेन्जी व कॉकर स्पॅनियल यांचे संकर करून दीर्घकाळ निरीक्षणे केली व १९६५ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. जातींमधील फरक वर्तनात उतरतात, पण एकाच जातीतील वा एकाच वेतातील कुत्र्यांतही मोठा फरक असतो, असे त्यांत दिसून आले. २०२२ मध्ये अमेरिकेतील हजारो कुत्र्यांच्या जनुकीय अभ्यासात एकेका कुत्र्याच्या वर्तनातील फरकांपैकी सुमारे ९ टक्के फरकच जातीवरून सांगता येतो, असा निष्कर्ष निघाला. हे कुत्रे मुख्यतः घरी पाळलेले होते. पिढ्यान्पिढ्या कामावरून निवडलेल्या कुळांना हा आकडा जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तरीही जातीचे नाव हे वर्तनाची हमी नव्हे, हे त्यावरून स्पष्ट होते.

काम : टेरियरचा अंश असलेल्या लर्चरची कामे मुख्यतः चार प्रकारची आहेत. पहिले फेरेटाबरोबरचे. फेरेट हा मुंगसासारखा लांबट बांध्याचा, पोलकॅटापासून माणसाळविलेला प्राणी असून त्याला सशांच्या बिळात सोडतात. बिळांच्या तोंडांवर जाळी लावलेली असतात. जाळे चुकवून निसटणारा ससा पकडणे हे कुत्र्याचे काम. बिळात ससे आहेत की नाहीत, हे वासाने ओळखून स्तब्ध उभे राहणाऱ्या कुत्र्यामुळे रिकाम्या बिळांवरील श्रम वाचतात. या कामात वेगापेक्षा संयम महत्त्वाचा ठरतो. कुत्रा फेरेटाशी लहानपणापासून परिचित हवा. अन्यथा तो फेरेटावरच झडप घालतो.

दुसरे काम रात्री दिव्याच्या झोतातील शिकारीचे. अंधाऱ्या, वाऱ्याच्या रात्री चरावयास बाहेर पडलेल्या सशावर प्रखर दिव्याचा झोत टाकून कुत्र्याला सोडतात. ससा बिळापर्यंत पोहोचण्यापूर्वी मिळणारे अंतर पुष्कळदा १०० मीटरांहूनही कमी असते. म्हणून कमाल वेगापेक्षा झटपट वेग घेणे व तीव्र वळणे घेणे यांचा उपयोग अधिक होतो. उंच ग्रेहाउंड सरळ रेषेत पुढे जातो, पण वळणावर त्याचा मोठा घेर होतो. मध्यम उंचीचा संकर येथे सरस ठरतो.

तिसरे काम दिवसा कुंपणे, काटेरी झुडपे व शेताच्या कडा धुंडाळण्याचे. येथे टेरियरचा अंश सर्वांत उपयुक्त ठरतो. कारण भक्ष्य दृष्टीस पडण्यापूर्वीच ते वासाने शोधावे लागते व कातडीला ओरखडे सोसावे लागतात. चौथे काम धान्याच्या कोठारांतील व कोंबड्यांच्या खुराड्यांतील उंदीर-घुशींचा नायनाट करण्याचे. यासाठी फार वेग लागत नाही. चपळ जबडा व न थकणारी उत्सुकता लागते. हे काम शुद्ध टेरियरही तितक्याच चांगल्या रीतीने करतो. केवळ एवढ्याच कामासाठी ग्रेहाउंडचा संकर घेण्याचे प्रयोजन नाही.

सर्व कामांत दोन गुण समान अपेक्षित आहेत. एक, पाठलाग करताना न भुंकणे. पाठलागात भुंकणारा कुत्रा श्वास व वेग गमावतो आणि आसपासच्या सशांना सावध करतो. उत्साही टेरियरांत ही खोड अधिक आढळते. दुसरा, पकडलेला ससा न फाडता मालकाच्या हातात आणून देणे. काही टेरियर-संकर भक्ष्य जागीच हलवून मारतात व सोडून देतात किंवा घेऊन पळतात. या बाबतीत कॉलीपासून झालेले लर्चर सामान्यतः अधिक आज्ञाधारक असतात. शिकविण्यास सोपा व हुकुमाकडे लक्ष देणारा कुत्रा हवा असेल, तर कॉलीचा संकर. काटक, चिकाटीचा व दाट झुडपांत शिरणारा हवा असेल, तर टेरियरचा संकर, असे स्थूलमानाने म्हणता येते.

निवड : निवडीचा आरंभ कुत्र्यापासून नव्हे, तर कामापासून होतो. कोणत्या जमिनीवर, कोणत्या ऋतूत, आठवड्यातून किती वेळा आणि कोणाच्या परवानगीने काम होणार आहे, हे आधी निश्चित झाले पाहिजे. लहान शेते, दाट कुंपणे व मुख्यतः फेरेटाचे काम असल्यास ४५ ते ५२ सेंमी. उंचीचा व्हिपेट-टेरियर संकर पुरेसा होतो. मोकळी कुरणे व रात्रीचे काम असल्यास ५५ ते ६२ सेंमी. उंचीचा ग्रेहाउंड-टेरियर संकर योग्य ठरतो. गरजेपेक्षा मोठा कुत्रा अधिक खातो, वळणावर मागे पडतो आणि जोराने आदळल्यास त्याला अधिक इजा होते. मेंढ्यांच्या प्रदेशात सशांपेक्षाही मेंढ्यांशी शांतपणे वागण्याला महत्त्व द्यावे लागते. ब्रिटनमध्ये जनावरांना त्रास देणाऱ्या कुत्र्याच्या मालकाला १९५३ च्या कायद्यान्वये शिक्षा होते व काही परिस्थितीत शेतकऱ्याने असा कुत्रा गोळी घालून मारल्यास १९७१ च्या कायद्याने त्याला बचाव मिळतो.

दुसरी पायरी मातापित्यांची पाहणी ही होय. वंशावळपुस्तक नसल्याने नर व मादी दोघांनाही प्रत्यक्ष काम करताना पाहणे हाच भरवशाचा पुरावा असतो. त्यांतही जिथे शिकार भरपूर मिळाली अशा एका चांगल्या रात्रीपेक्षा शिकार न मिळालेल्या थंड, ओल्या दिवशी ते कसे वागतात, यावरून अधिक कळते. मादी पिल्लांसह घरात असताना परक्यांशी कशी वागते, तिच्या पायांना व दातांना दोष आहे काय, तिची भावंडे कशी निघाली, हेही विचारावे. ‘उत्तम वंश’ असे मोघम वर्णन करून मातापिता न दाखविणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालील पिल्लांची व्यापाऱ्यामार्फत विक्री बंद असून खरेदीदाराने पिल्लू आईसह जन्मस्थळीच पाहणे अपेक्षित आहे.

तिसरी पायरी पिल्लाची. सामान्यतः आठ आठवड्यांचे झाल्यावर पिल्लू आईपासून वेगळे करतात. डोळे स्वच्छ, दातांची पकड सरळ, पंजे घट्ट व कमानदार, बेंबीशी फुगवटा नसलेले आणि चालताना पाय सरळ पडणारे पिल्लू निवडावे. एकदम अंगावर धावून येणारे व कोपऱ्यात दडणारे अशा दोन्ही टोकांपेक्षा कुतूहलाने जवळ येणारे व दचकल्यानंतर लवकर सावरणारे पिल्लू नवशिक्याला अधिक सोयीचे पडते. तथापि या वयातील चाचण्यांवरून पुढील कामाचे भाकीत करता येत नाही. स्कॉट व फुलर यांच्या निरीक्षणांनुसार साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ समाजीकरणाच्या दृष्टीने निर्णायक असतो. या काळात माणसे, मेंढ्या, कोंबड्या, फेरेट व इतर कुत्रे यांचा शांतपणे परिचय झालेले पिल्लू पुढे घडविणे सोपे जाते. म्हणून पिल्लू कोणते निवडले याइतकेच ते कोठे वाढले याला महत्त्व आहे.

चौथा पर्याय प्रौढ कुत्रा घेण्याचा. त्याचे काम पाहून घेता येते, हा त्याचा फायदा. विक्रीचे कारण मात्र नीट समजून घ्यावे. भुंकणे, शिकार फाडणे, बोलावल्यावर न येणे व मेंढ्यांमागे धावणे ही नेहमीची कारणे असून त्यांपैकी शेवटचे सुधारणे सर्वांत अवघड असते. निराश्रित कुत्र्यांच्या ब्रिटिश व आयरिश आश्रयगृहांत लर्चर नेहमीच मोठ्या संख्येने आढळतात. हंगाम संपल्यावर किंवा अपेक्षेप्रमाणे काम न जमल्यावर अनेक कुत्रे सोडून दिले जातात. चुकीच्या निवडीची किंमत अशा रीतीने मालकापेक्षा कुत्र्यालाच अधिक द्यावी लागते. वर्षातील काही महिनेच काम आणि १२ ते १४ वर्षांचे आयुष्य, हे प्रमाण निवडीपूर्वीच विचारात घेतले पाहिजे. काम नसलेल्या दिवसांत घरात शांत राहील व ज्याला रोज मोकळे फिरविता येईल, असाच कुत्रा घेणे इष्ट.

संगोपन व प्रशिक्षण : पहिल्या सहा महिन्यांत बोलावल्यावर येणे, बसणे, थांबणे व वस्तू आणून देणे एवढेच शिकवितात. आणून देण्याचा सराव खेळाच्या स्वरूपात, थोडा वेळ व अरुंद जागेत घेतात; म्हणजे पिल्लाला वस्तू घेऊन पळण्याची संधी मिळत नाही. टेरियरचा अंश असलेला कुत्रा शिक्षेने अधिक हट्टी होतो, असा अनुभव आहे; थोडक्या वेळाचे धडे व लगेच मिळणारे बक्षीस हा उपाय परिणामकारक ठरतो. जलद वाढणाऱ्या या कुत्र्यांच्या हाडांची टोके पूर्ण जुळण्यापूर्वी त्यांना वेगाने पळविल्यास सांध्यांना कायमची इजा होऊ शकते. ब्रिटनमधील नोंदणीकृत शर्यतींत ग्रेहाउंडाला १५ महिन्यांपूर्वी धाववीत नाहीत. लर्चरच्या बाबतीतही पहिला पाठलाग सु. एक वर्षानंतर व तोही सोप्या परिस्थितीत घडविणे योग्य. आरंभीच वारंवार अपयश आल्यास कुत्र्याचा उत्साह मावळतो किंवा तो भुंकू लागतो.

व्याधी व इजा : पंजांची बोटे निखळणे, नखे तुटणे, मांडीचे स्नायू फाटणे, तारेने कातडे फाटणे आणि अंधारात खांबावर आदळणे या नेहमीच्या इजा होत. उष्ण हवेत दीर्घ पाठलाग झाल्यास उष्माघात होतो. अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी फुटून मूत्रपिंडे निकामी होण्याचाही धोका असतो. दोन पाठलागांमध्ये श्वास पूर्ववत होईपर्यंत विश्रांती देणे हाच त्यावरील प्रतिबंधक उपाय. ग्रेहाउंडाच्या शरीरात मेद कमी असतो व यकृतात काही औषधांचे विघटन सावकाश होते. त्यामुळे थायोबार्बिट्युरेट गटातील भुलीच्या औषधांनंतर तो शुद्धीवर येण्यास फार वेळ लागतो. त्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाणही इतर कुत्र्यांपेक्षा अधिक असते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी कुत्र्यात ग्रेहाउंडाचा अंश असल्याचे पशुवैद्यास सांगणे अगत्याचे आहे.

बेडलिंग्टन जातीत यकृतात तांबे साठून राहण्याचा आनुवंशिक रोग आढळतो. त्यास कारणीभूत असलेला एक अप्रभावी जनुकदोष २००२ मध्ये ओळखला गेला. पहिल्या संकर पिढीला ग्रेहाउंडकडून निर्दोष प्रत मिळत असल्याने या दोषाचा रोग तिच्यात प्रकट होत नाही. परंतु पिल्लू त्याचे वाहक असू शकते. दोन्ही बाजूंना बेडलिंग्टनचे रक्त असलेल्या कुत्र्यांचा संकर केल्यास रोग पुन्हा दिसू शकतो. ‘संकर म्हणजे निरोगी’ हे विधान म्हणूनच पहिल्या पिढीपुरतेच व तेही मर्यादित अर्थाने खरे आहे.

कायदे : इंग्लंड व वेल्समध्ये २००४ चा शिकार कायदा फेब्रुवारी २००५ मध्ये अमलात आला. त्यान्वये कुत्र्यांच्या साहाय्याने वन्य सस्तन प्राण्यांची शिकार करणे सामान्यतः गुन्हा असून रानसशांच्या पाठलागाच्या स्पर्धांवरही बंदी आहे. जमिनीच्या मालकाची परवानगी असल्यास ससे व उंदीर यांना या बंदीतून वगळले आहे. लर्चरचे कायदेशीर काम त्यामुळे मुख्यतः या दोन प्राण्यांपुरते मर्यादित झाले. रानसशांच्या बेकायदेशीर पाठलागाला आळा घालण्यासाठी २०२२ च्या कायद्याने शिक्षा वाढविल्या. स्कॉटलंडमध्ये २००२ च्या कायद्याची जागा २०२३ च्या अधिक कडक कायद्याने घेतली, तर उत्तर आयर्लंडमध्ये रानसशांच्या पाठलागाच्या स्पर्धांवर २०११ मध्ये बंदी आली. कायदे प्रदेशपरत्वे वेगळे असल्याने एका ठिकाणी वैध असलेले काम दुसऱ्या ठिकाणी गुन्हा ठरू शकते.

भारतातील परिस्थिती : टेरियर-ग्रेहाउंड संकराची परंपरा भारतात नाही. नजरेने शिकार करणाऱ्या वेगवान कुत्र्यांच्या स्वतंत्र देशी जाती मात्र आहेत. महाराष्ट्रात लातूर-सोलापूर भागात आढळणारा कारवान व कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला मुधोळ हे त्यांपैकी प्रमुख होत. २००५ मध्ये भारतीय डाक विभागाने देशी कुत्र्यांवर काढलेल्या चार तिकिटांत मुधोळचा समावेश होता. बिळे करणारा यूरोपीय ससा भारतात रानटी अवस्थेत नाही. येथील रानसशाला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असून कुत्रे लावून त्याचा पाठलाग करणे हीदेखील शिकारच मानली जाते. त्यामुळे लर्चर ज्या कामासाठी घडला, ते काम भारतात कायद्याने करता येत नाही. येथे असा संकर केवळ त्याच्या वेगाच्या आकर्षणाने आणणे म्हणजे कुत्र्याला त्याच्या कामापासून तोडून घेणे होय. राखण व सोबत या गरजांसाठी येथील हवामानाला सरावलेले देशी कुत्रे अधिक योग्य ठरतात.